निम्मी नळी

६ नोव्हेंबर

ती. आत्या,

कोपरापासून नमस्कार. वाकून करायला इथे जागा नाही. माझ्या टेबलाशी तीन यंत्रं आणि एक होयबा असतो. होयबा म्हणजे आमच्या सरांचा सगळ्यात जुना विद्यार्थी. सरांचं वाक्य संपलं की तो मान हलवतो, आणि घाईत असला तर संपायच्या आधीच हलवतो.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. "फोनवर माणसं विचार न करता बोलतात, पत्रात निदान विचार करून खोटं लिहितात," हे तुझं वाक्य बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

बातमी अशी की आमची पट्टी जगात पहिली आली! तुला समजेल असं सांगते. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं. एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन. हायड्रोजन शहाण्या मुलासारखा हाक मारताच बाहेर येतो. ऑक्सिजन रुसून बसतो, आणि त्याचा रुसवा काढायला भरमसाट वीज खर्च होते. तो रुसवा थोड्या विजेत काढणारा धातू म्हणजे उत्प्रेरक. आजवर त्यासाठी इरिडियम वापरायचे, म्हणजे सोनं परवडलं. आम्ही कार्बनच्या कापडावर निकेल, कोबाल्ट आणि लोखंड चढवून पट्टी केली, आणि ती इरिडियमपेक्षा कमी विजेत काम करते. एवढ्या कमी विजेचा आकडा अजून कुणाच्याच नावावर नाही.

पेपर लिहून झालाय. त्यावर सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं. मार्चमध्ये मोठं प्रात्यक्षिक आहे, बाहेरचे पाहुणे येणार आहेत. आणि सरांनी शब्द दिलाय की परदेशातल्या त्या मोठ्या प्रयोगशाळेत एक जागा आहे, तिथे माझंच नाव सुचवणार.

सोबत एक कोरी पट्टी पाठवतेय. जपून ठेव. पुढेमागे संग्रहालयवाले मागायला येतील.

तुझी,
ठिणगी


१५ नोव्हेंबर

चि. ठिणगी,

आशीर्वाद. किती ते लिहीत नाही, नाहीतर तुमचे सर त्याचाही आलेख काढतील.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आत्या म्हणून वाचलं आणि ऊर भरून आला. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना थांबवून ऐकवलं. त्यांचा रोगी खोळंबला. दुसऱ्यांदा ऑडिटर म्हणून वाचलं. आता विचारते: ऑक्सिजन किती निघाला?

दोन पानं भरून वीज आहे. कमी वीज, थोडी वीज, कुणाच्याच नावावर नाही एवढी वीज. ऑक्सिजनचा मात्र तपास लागत नाही. बाळंतपणाच्या बिलात सगळं आहे, बाळ तेवढं नाही.

मी एका सरकारी वसतिगृहाच्या तपासणीला गेले होते ते तुला सांगितलंय का? पंख्यांच्या पावत्या होत्या. पंखे बसवल्याचा दाखला होता. पंख्यांना दरवर्षी तेल घातल्याचा अहवालसुद्धा होता. मी मान वर करून छताकडे पाहिलं, तर नुसते हूक. अधीक्षक मला म्हणतात, "मॅडम, आजवर कुणी वर बघितलंच नव्हतं." जसा काही दोष माझ्या मानेचाच.

आमच्या शाळेत रसायनशास्त्राला सिस्टर होत्या. पांढऱ्याशुभ्र, आणि जीभ माझ्यासारखी. खरं म्हणजे माझी त्यांच्यासारखी. त्यांनी दोन नळ्या पाण्यात उलट्या उभ्या करून, खालून वीज सोडून पाणी फोडून दाखवलं होतं. हायड्रोजनची नळी पूर्ण भरली की ऑक्सिजनची बरोब्बर निम्मी. पाण्याच्या घरात दोघांचा वाटाच तसा ठरलेला आहे, त्यात कुणाचा वशिला चालत नाही. सिस्टरांचा एकच हुकूम असे: "गॅस नळीत दिसेपर्यंत वहीत लिहायचा नाही."

तुमच्याकडे त्या दोन नळ्या आहेत का?

पट्टी छान आहे, ताठ आहे. मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातलीय. संग्रहालयवाले येईपर्यंत उपयोगाला तरी येईल.

तुझी आत्या


२७ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुला मी बातमी कळवली की तपासणीला बोलावलं?

असल्या नळ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं वापरतात. आमच्या यंत्राला त्यांची गरज नसते. पट्टीतून जेवढी वीज वाहते तेवढा ऑक्सिजन निघालाच, असं धरून चालतात. सगळे धरतात. मी तुझा प्रश्न सरांना तुझं नाव न घेता विचारला. सर हसले आणि म्हणाले, "वीज गेली म्हणजे ऑक्सिजन आलाच. दुसरं काय येणार, पाहुणे?" होयबा इतका हसला की त्याच्या हातातलं द्रावण सांडलं.

आणि आमच्याकडे शिस्त नाही असं समजू नकोस. सरांचा नियम आहे: रोज सकाळी नवी पट्टी, नवं द्रावण, तासभर चाचणी, एक फोटो, आणि मग पट्टी टोपलीत. वापरलेली पट्टी टेबलावर दिसली तर सर ओरडतात. ते द्रावण, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, कधीकधी तासाभरात चहाच्या रंगाचं होतं, ते फोटोत वाईट दिसतं, म्हणून तेही आधी बदलून घ्यायचं. एवढी टापटीप तुझ्या ऑफिसातसुद्धा नसेल.

तुला माल बघायची हौस आहे ना? घे. टोपलीतून काढून धुऊन, वाळवून एक वापरलेली पट्टी पाठवतेय. वर बघ, खाली बघ, उलटी करून बघ.

बाबा म्हणताहेत, पोरीला जरा आनंद करू दे म्हणावं.

रागावलेली,
ठिणगी


९ डिसेंबर

चि. ठिणगी,

बापाला सांग, आनंद जरूर करावा. फक्त कशाचा ते बघून करावा.

तुझ्या वापरलेल्या पट्टीने माझी चादर काळी केली. लिफाफा पलंगावर उघडला, तर आधी भुकटी पडली आणि मग पट्टी. नवी आणि जुनी शेजारी ठेवल्या. नवी कडक, भरलेली. जुनी वाळलेल्या पानासारखी. खिडकीशी धरली तर तिच्यातून समोरच्या घराचा कठडा दिसला. नव्या पट्टीतून माझं बोटसुद्धा दिसत नाही. हे सगळं एका तासात?

आता मी काही शास्त्रज्ञ नाही. पण चोरी कशी होते ते मला कळतं. गोदामात माल कमी असेल तर तो कुठेतरी गेलेला असतो. तुमचं कार्बनचं कापड विरळ झालं, भुकटी झाली, आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं. तुम्ही काय केलंत? पट्टी टोपलीत टाकली, पाणी मोरीत ओतलं आणि फोटो काढला. तुझ्या टापटिपीचं कौतुक करू की तुला उभी आडवी सोलू, तेच मला समजत नाहीये.

तुमच्या विजेतली काही वीज ऑक्सिजन काढत नसेल, तर काय करत असेल? विचार कर. मला वाटतं ती तुमचंच कापड जाळते आहे. आणि ऑक्सिजनचा रुसवा काढण्यापेक्षा कापड जाळायला सोपं पडत असणार. म्हणून तर तुमची वीज एवढी कमी!

चुकत असेन तर दोन नळ्या लाव आणि मला खोटी पाड. मी तुला नवं घड्याळ घेऊन देईन.

तुझी आत्या


२८ डिसेंबर

ती. आत्या,

पत्र मिळालं. इकडे हवा बरी आहे. बाबांचा गुडघा आता बरा आहे. माझी तब्येत ठीक. काम खूप असल्यामुळे सविस्तर लिहीत नाही. तूही थंडीत जप.

पट्टीचा विषय आता नको.

तुझी,
ठिणगी


८ जानेवारी

महोदय,

आपण मला ओळखत नाही. मी आपल्या एका विद्यार्थिनीची आत्या. आपल्या पट्टीची कीर्ती माझ्यापर्यंत पोचली आहे. एक नमुना माझ्या पुस्तकात आहे आणि दुसरा माझ्या चादरीवर.

मार्चमध्ये आपण प्रात्यक्षिक करणार असं कळलं. मी अडाणी बाई, सरकारी हिशेबात हयात गेली. तरी एक सुचवावंसं वाटतं. समोर बसलेल्या पाहुण्यांना आपले आलेख कळणार नाहीत. ते माना डोलावतील आणि चहा कुठे आहे ते शोधतील. त्याऐवजी शाळेत असतात तशा दोन नळ्या मंचावर उभ्या केल्या तर? डावीकडे हायड्रोजन, उजवीकडे त्याच्या निम्मा ऑक्सिजन. प्रत्येकाने तो प्रयोग लहानपणी पाहिलेला असतो, प्रत्येकाला तो आठवेल, आणि आपलं यश लोकांना डोळ्यांनी दिसेल.

लहान तोंडी मोठा घास. पण आपल्यासारख्यांच्या मोठेपणावर भरवसा ठेवून लिहिलं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बाई


२० जानेवारी

आदरणीय ताई,

आपले पत्र वाचून मन प्रसन्न झाले. सर्वसामान्य माणसाची विज्ञानाविषयीची ही निरागस ओढ पाहिली की आम्हा संशोधकांच्या श्रमाचे सार्थक होते.

आपण सुचवलेली कल्पना माझ्या मनात फार दिवसांपासून घोळत होतीच. आपल्या पत्राने तिला केवळ निमित्त मिळाले. मी खास कारागिराकडून माणसाच्या उंचीच्या दोन नळ्या घडवून घेत आहे. अलीकडे आमच्या एका विद्यार्थिनीने जुन्या नळ्यांवर काही प्राथमिक स्वरूपाचा प्रयोग केला होता. नळी गळत असल्याने तिचा गोंधळ उडाला. नव्या नळ्यांतून हवेचा कणही गळणार नाही, हे मी मंचावरून स्वतः जाहीर करणार आहे. प्रयोगाची जबाबदारी त्याच विद्यार्थिनीवर सोपवली आहे, जेणेकरून तिचाही आत्मविश्वास वाढावा.

आपल्यासाठी पहिल्या रांगेत आसन राखून ठेवत आहे. आपल्या नमुन्याची चादर मात्र नीट समजली नाही. ती संग्रहासाठी हवी असल्यास कळवावे.

आपला स्नेहाकांक्षी


२ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार-बिमस्कार काही लिहीत नाही.

सरांनी एका 'निवृत्त बाईं'चं पत्र आम्हाला कौतुकाने दाखवलं, आणि अक्षर तुझं. तू हे काय केलंस? मला विचारायचं तरी होतंस!

तुला हवं होतं ना खरं? घे. तुझं डिसेंबरचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी कॉलेजातून नळ्या मागून आणल्या. आमच्या पट्टीने हायड्रोजनची नळी पूर्ण भरली तेव्हा ऑक्सिजन निम्म्याच्या खूप खाली, जेमतेम चौथाईच्या वर. तीन वेळा केलं. मग पट्टी काढून तिथे साधी निकेलची जाळी लावली, त्याच नळ्या, तेच पाणी. ऑक्सिजन बरोब्बर निम्मा आला. वीज मात्र जास्त लागली, कुणी टाळ्या वाजवणार नाही एवढी. म्हणजे नळी गळत नाही. आमचं कापडच जळतं, आणि त्यातून होणारा वायू द्रावणातच विरघळतो.

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "नळी गळते." होयबा म्हणाला, "हो, गळते." मी जाळीचं सांगितलं. सर म्हणाले, "तेव्हा गळत नव्हती." होयबा म्हणाला, "अधूनमधूनच गळते, सर." आणि मग सर फार प्रेमाने म्हणाले, "बेटा, परदेशचं पत्र मी याच महिन्यात लिहिणार आहे. आत्ता मन विचलित होऊ देऊ नकोस."

पेपर त्याआधीच गेला होता. खाली माझी सही आहे. म्हणून तुला हवापाणी लिहून पाठवलं. वाटलं, प्रात्यक्षिक होऊ दे, तास-दीड तासाचा प्रश्न आहे, नेहमीसारखे आलेख दाखवतील, जागा हातात पडेल, आणि मग तिकडे गेल्यावर मी सगळं नीट करीन.

आता तुझ्या कृपेने मंचावर माणसाएवढ्या नळ्या उभ्या राहणार आणि त्यांच्या शेजारी मी. ऑक्सिजन कमी दिसला की सर माझ्याकडे बघणार. मी "गळते" म्हणाले तर खोटी. नाही म्हणाले तर माझी जागा गेली, पाच वर्षांचं काम गेलं आणि सरही गेले.

सरांना लिही. काहीही लिही. नळ्या काढायला सांग.

ठिणगी


१० फेब्रुवारी

चि. ठिणगी,

सरांना लिहिणार नाही.

तुला न विचारता पत्र टाकलं ही आगळीक झाली. माफी मागायची मला सवय नाही, आणि या वयात नव्या सवयी अंगाला लागत नाहीत. पण आगळीक झाली, एवढं लेखी घे.

मला वाटलं होतं, तुला प्रयोग करायचं धाडस होत नाहीये, म्हणून मंचावरूनच तो होऊ दे. तू तो आधीच केला होतास, एकदा सोडून तीनदा, आणि वर जाळी लावून पडताळाही घेतला होतास. हे मला ओळखता आलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या कपाटात डोकावले, आणि घरची पोरगी काय करतेय ते मला कळलं नाही. तू हवेबद्दल लिहिलंस तेव्हा काहीतरी लपवते आहेस एवढंच कळलं. भित्री आहे असं समजले. ते चुकलं.

आता तुझ्या सरांबद्दल. हा माणूस लबाड आहे असं मला वाटत नाही. लबाड माणूस नळ्या मंचावर आणत नाही. हा त्याहून अवघड प्रकार आहे. नळी गळते हे त्याला स्वतःला पटलेलं आहे. अशा साहेबांच्या हाताखाली मी तीन वेळा काम केलं. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना हवं ते खरं वाटतं. त्यांच्यासमोर भाषण करून उपयोग नसतो.

तेव्हा तू शौर्य गाजवू नकोस. काही जाहीर करू नकोस, कुणाला उघडं पाडू नकोस. एवढंच कर की जे नाही ते म्हणू नकोस. नळी गळत नाही हे तुला माहीत आहे.

आणि समजा म्हणालीस "गळते," तर काय होईल? आकाश कोसळणार नाही. तू माझी भाचीच राहशील, दिवाणावर तुझी उशी राहील, घड्याळही घेऊन देईन. फक्त यापुढे तुझी पत्रं मी पावत्या वाचते तशी वाचीन. मला ते नको आहे, बाळा. तुझी पत्रं हीच आता एक गोष्ट उरली आहे जी मी चष्मा पुसून न बघता वाचते.

पहिल्या रांगेत येणार नाही. मी समोर बसले तर तू माझ्या भीतीने खरं बोलशील, आणि त्याचा तुला काही उपयोग नाही.

तुझी आत्या


६ मार्च

ती. आत्या,

कोपरापासून नमस्कार.

सगळं भाषणांनी केलं. ठरलं होतं असं: यंत्र सुरू करायचं, सरांनी थोडंसं बोलायचं, तासाभरात नळ्या दाखवून समारंभ संपवायचा. यंत्र वेळेवर सुरू झालं. सरांनी जाहीर केलं, "या नळ्यांतून हवेचा कणही गळणार नाही." टाळ्या. मग स्वागताचं भाषण झालं. मग स्वागत करणाऱ्यांची ओळख करून देणारं भाषण झालं. मग प्राचार्य बोलले, ते पाण्यावर सुरू झाले आणि आपल्या बालपणावर संपले. पट्टीला तासाभराची सवय. तिला कुणी विचारलंच नाही. सर स्वतः बोलायला उठले तेव्हा पाणी पिवळं होतं. "उज्ज्वल भविष्य" या शब्दापर्यंत ते चहासारखं झालं, आणि शेवटी शेवटी काळी भुकटी तळाशी बसायला लागली. सरांची पाठ होती नळ्यांकडे. सगळं सभागृह बघत होतं, आणि सरांना वाटत होतं लोक तल्लीन झालेत.

शेवटी मुख्य पाहुणे उठले आणि नळ्यांपाशी आले. वयस्कर, जाडजूड, भाषणांना कंटाळलेले. एक बोट हायड्रोजनच्या पातळीवर ठेवलं, दुसरं ऑक्सिजनच्या. म्हणाले, "अहो, आम्हाला शाळेत दुप्पट आणि निम्मं शिकवलं होतं. मध्यंतरी बदललं का काही?"

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं.

सर वळले. पहिल्यांदा त्यांनी नळी पाहिली. मग पाणी. मग माझ्याकडे. चेहरा हसरा, पण मान अशी केली की "सांग." अगदी हळू म्हणाले, "गळते म्हण."

होयबा लांबून म्हणाला, "गळत असेल, सर."

आत्या, तुझं पत्र मला आठवलं नाही. खोटं कशाला लिहू? मला ती जाळी आठवली. त्याच नळ्या, तेच पाणी, आणि ऑक्सिजन निम्म्यावर येऊन थांबलेला. मी त्या दिवशी एकटीच होते आणि इतकी खूष झाले होते की कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं. सांगायला कुणी नव्हतं. आता समोर सगळे बसले होते.

मी म्हणाले, "नळी गळत नाही. पट्टी जळतेय." आणि यंत्र बंद करून पट्टी बाहेर काढली. काढली म्हणजे वरचा चिमटा हातात आला. खालची पट्टी पाण्यातच राहिली, तिचे तुकडे झाले.

पाहुणे म्हणाले, "अस्सं!" आणि खुर्ची ओढून नळ्यांच्या शेजारीच बसले. "आता सांग नीट." मी सांगितलं. फार वेळ नाही लागला.

पुढचं ऐकून तू ग्लास फोडशील, म्हणून हातात काही असेल तर आधी खाली ठेव. माझं बोलणं संपताक्षणी सर पुढे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नेमक्या याच धोक्याकडे मला आज सर्वांचं लक्ष वेधायचं होतं." टाळ्या! खऱ्याखुऱ्या टाळ्या, आत्या. होयबाने उभं राहून वाजवल्या.

परदेशची जागा होयबाला मिळाली. पेपर मी मागे घ्यायला सांगितला, निदान त्यावरचं माझं नाव तरी. माझं सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आत्यावर गेलीस," आणि स्वतः चहा करून दिला.

तुझी,
ठिणगी


१५ मार्च

आदरणीय ताई,

आमचे प्रात्यक्षिक अपेक्षेपेक्षा अधिक यशस्वी झाले, हे कळवण्यास आनंद होतो. कार्बनयुक्त पट्ट्यांच्या क्षरणाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली असून तिचे अध्यक्षपद मजकडे आले आहे. हा प्रश्न मीच प्रथम जाहीरपणे उपस्थित केल्याने ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

आपली भाची होतकरू आहे. तिला भांडारखोलीची किल्ली व स्वतंत्र टेबल दिले आहे.

आपले आसन रिकामे राहिल्याने रुखरुख वाटली. नव्या सूचना असल्यास अवश्य कळवाव्यात. बऱ्याचदा त्या माझ्या मनात आधीच असतात.

आपला स्नेहाकांक्षी


१९ ऑगस्ट

ती. आत्या,

सरांच्या पत्राला तू जे उत्तर पाठवलंस त्याची प्रत त्यांनी चौकटीत बसवून खोलीत लावली आहे. "आपल्यासारखा अध्यक्ष त्या समितीला शोधून मिळाला नसता" हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवतात. मी तोंड फिरवून उभी राहते.

माझं टेबल भांडारखोलीतच आहे, खिडकी नाही. पण दोन नळ्या आहेत, जुन्या, कॉलेजच्याच. परत द्यायच्या राहिल्यात. रोजची सुरुवात त्यांच्यापासून. कार्बनचं कापड टाकून दिलं. निकेलच्या जाळीवर थोडं लोखंड चढवते. आकडा साधाच आहे. इरिडियमला हरवत नाही, त्याच्या मागे मागे चालतो. जगात पहिली तर सोडच, आमच्या मजल्यावरसुद्धा पहिली नाही. पण ही पट्टी मी टोपलीत टाकत नाही. तीच चालू आहे, आठवड्यामागून आठवडे, आणि पाणी पाण्याच्याच रंगाचं आहे.

परवा सर येऊन बघून गेले. म्हणाले, "याचा फोटो फारसा चांगला येणार नाही." मी म्हणाले, "नाही येणार."

तिचाच एक तुकडा कापून सोबत पाठवलाय. वापरलेला आहे.

तुझी,
ठिणगी


३० ऑगस्ट

चि. ठिणगी,

आशीर्वाद.

लिफाफा या वेळी न्हाणीघरात जाऊन उघडला. चादर नवी आहे.

भुकटी पडली नाही. तुकडा खिडकीशी धरला. जाळीच असल्यामुळे समोरचा कठडा दिसणारच होता, त्यात तुझी काही चूक नाही. वाकवून पाहिला, नखाने खरवडून पाहिला, रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी पाणी पिऊन पाहणार होते, पण डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. पाणी स्वच्छ होतं.

तुझी खिडकी नसलेली खोली ऐकून माझं डोकं फिरलं. त्या होयबाला परदेश आणि तुला भांडारखोली! दोन दिवस भांडी आदळली. मग आठवलं की माझंही टेबल सगळी नोकरीभर जिन्याखाली होतं, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं ते काही न्याय मिळाला म्हणून नव्हे. तुला मात्र वाटू दे. खिडकी मागत राहा. अर्ज मी लिहून देते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

घड्याळ वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. पैज तू हरलीस, तरी पाठवलं आहे. त्यावर वाद नको.

तुझं पत्र चष्मा न पुसता वाचलं.

जुनी कोरी पट्टी पुस्तकातून काढली. संग्रहालयवाले आले तर तीच देईन, त्यांना शोभेल. तिच्या जागी तुझी जाळी ठेवली आहे.

माल पाहिला. बरोबर आहे.

तुझी आत्या